एक फळी, एक वारा

भारतीय युद्धाच्या आरंभीं उभय पक्षांनीं जे नियम ठरविले, त्यांत रथीनें रथीशीं, घोडेस्वारानें घोडेस्वाराशीं आणि पायदळानें पायदळाशींच लढावें, असा एक नियम होता. पुढें तो पाळला गेला नाहीं, ही गोष्ट निराळी. परंतु सामना तुल्य साधनांनीं व्हावा, तरच जयापजयाला कांहीं अर्थ, ही जाणीव त्या नियमाच्या मुळाशीं होती. 'नाचतां येईना, अंगण वांकडें' असें आपण हरणाऱ्याला हिणवितों. पण कधीं कधीं अंगण खरोखरच वांकडें असतें, आणि मग नाचणाऱ्याचें कसब कळावें कसें? शिडाच्या नौकांच्या शर्यतींत हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. आणि त्याचें मोठें बोधप्रद उत्तर शिडाच्या फळीच्या, म्हणजे विंडसर्फिंगच्या, इतिहासांत सांपडतें.

नौकांच्या शर्यती युरोपांत प्रथम धनिकांच्या होत्या. ज्याची नौका नवी, लांब व हलकी, त्याची सरशी बहुधा ठरलेली. एका सालीं जिंकलेली नौका दुसऱ्या सालीं शेजाऱ्यानें अधिक पैसा ओतून बांधविलेल्या नौकेपुढें निकामी ठरे. यावर एक उपाय असा कीं, मोठ्या नौकेला वेळेचा दंड द्यावा व लहान नौकेला सूट द्यावी. पण त्या हिशेबांत पहिलें कोण आलें, हें पाण्यावर दिसण्याऐवजीं कागदावर ठरे. दुसरा उपाय आयर्लंडांत निघाला. १८८७ च्या सुमारास डब्लिनजवळच्या किनाऱ्यावरील कांहीं हौशी नाविकांनीं 'वॉटर वॅग' नांवाच्या लहान होड्या सर्वस्वीं एकाच मापाच्या बांधविल्या. होडी सर्वांची सारखी, शीड सर्वांचें सारखें. पुढें जो जाईल तो आपल्या कौशल्यानें जाईल. हीच एकनमुना पद्धति होय. किंग्जटाउन, म्हणजे आजचें डन लेअरी, या बंदरांत वॉटर वॅगच्या शर्यती अजूनहि होतात. हें बंदर श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. या कथेच्या उत्तरार्धांत तें पुन्हा येणार आहे.

शिडाची फळी दिसण्यांत अगदीं साधी. पाण्यावर तरंगणारी लांबट फळी, तिच्या मध्याजवळ उभी केलेली डोलकाठी, डोलकाठीला त्रिकोणी शीड, आणि शीड दोन्ही बाजूंनीं धरतां यावें म्हणून धनुष्यासारखी वांकविलेली दांडी. नाविक फळीवर उभा राहतो. होडीला असतें तसें सुकाणू हिला नसतें. सारी किमया डोलकाठीच्या बुडाशीं असलेल्या सांध्यांत आहे. हा सांधा सर्व दिशांना वळतो. त्यामुळें डोलकाठी हवी तिकडे कलवितां येते. शीड पुढें कलविलें कीं फळीचें नाक वाऱ्यापासून दूर वळतें. मागें कलविलें कीं तें वाऱ्याच्या रोखाकडे येतें. वाऱ्याचा ताण नाविकाच्या हातांवर, पाठीवर आणि पायांवर पडतो. होडींत जें काम दोर, कप्प्या आणि सुकाणू करतात, तें येथें मनुष्याचें शरीर करतें. ही गोष्ट पुढें फार महत्त्वाची ठरली.

या साधनाचा जनक कोण, याविषयीं मोठा वाद झाला. इंग्लंडांत हेलिंग बेटापाशीं पीटर चिल्व्हर्स या बारा वर्षांच्या मुलानें १९५८ सालीं फळीवर शीड लावून पाहिलें होतें. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया राज्यांत न्यूमन डार्बी यांनीं १९६४ सालीं शिडाची फळी तयार केली व पुढल्या वर्षीं एका लोकप्रिय मासिकांत तिची माहिती छापली. त्यानंतर कॅलिफोर्नियांतील विमानविद्येचे अभियंते जिम ड्रेक आणि त्यांचे मित्र हॉइल श्वाइट्झर यांनीं १९६७ सालीं आपली फळी पाण्यांत उतरविली आणि १९६८ सालीं तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला. १९७० सालीं तें मिळालें. १९८० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील न्यायालयानें मात्र चिल्व्हर्सच्या लहानपणच्या फळीचा दाखला ग्राह्य मानून तेथील पेटंट रद्द ठरविलें. एका मुलाचा सुटींतला खेळ मोठ्या व्यापारी दाव्याचा निर्णय फिरवून गेला, असें उदाहरण विरळाच.

ड्रेक आणि श्वाइट्झर यांच्या फळीचें नांव 'विंडसर्फर'. ती १२ फूट लांब असून तिचें शीड ५६ चौरस फुटांचें होतें. फळ्या प्लॅस्टिकच्या व साच्यांतून काढलेल्या असल्यामुळें एक दुसरीसारखीच निघे. त्यामुळें एकनमुना शर्यती आपोआपच सुरू झाल्या. परंतु या शर्यती भरविणाऱ्यांच्या ध्यानांत एक गोष्ट लवकरच आली. फळी सारखी केली, शीड सारखें केलें, तरी फळीवर उभें राहणारें माणूस सारखें नाहीं. मंद वाऱ्यांत हलक्या देहाचा नाविक भराभर पुढें जातो. सोसाट्याच्या वाऱ्यांत भारदस्त देहाचा नाविक शीड रोखून धरतो व हलका मागें पडतो. म्हणून त्यांनीं कुस्तीच्या आखाड्याप्रमाणें नाविकांचे वजनावरून गट पाडले. याच विंडसर्फर फळीवर १९७६ सालीं बहामा बेटांत झालेल्या स्पर्धेंत रॉबी नेश हा तेरा वर्षांचा मुलगा जगज्जेता ठरला. तेरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांवर मात करतां आली, यांतच त्या पद्धतीचें मर्म आहे. त्याच्यापाशीं इतरांहून भारी साधन नव्हतें; आणि इतरांपाशींहि त्याच्याहून भारी साधन नव्हतें.

ऑलिंपिक सामन्यांत शिडाची फळी १९८४ सालीं आली. लॉस एंजेलिसच्या त्या सामन्यांसाठीं मूळच्या विंडसर्फरची निवड न होतां जर्मनींत तयार झालेल्या 'विंडग्लायडर' या फळीची झाली. स्पर्धा लाँग बीच येथें व केवळ पुरुषांची होती. हॉलंडचा स्टीफन व्हॅन डेन बर्ग पहिला आला. येथें एक मोठा फरक झाला, पण त्याचा फारसा गाजावाजा झाला नाहीं. फळी एक ठेवली, परंतु वजनाचे गट गेले. सर्वांनीं एकाच रांगेंत उभें राहावें, एकाच बोयाला वळसा घालावा आणि एकच सुवर्णपदक असावें, असें ठरलें. समतेचा अर्धा भाग घेतला व अर्धा किनाऱ्यावर ठेवला.

पुढल्या सामन्यांत फळी बदलली. १९८८ सालीं कोरियांतील पुसान येथें गोल तळाची 'लेखनर' जातीची फळी होती. ती वाऱ्याविरुद्ध उत्तम चाले, पण तिच्यावर तोल सांभाळणें मोठें कठीण. न्यूझीलंडचा ब्रूस केंडल यानें तेथें सुवर्णपदक मिळविलें. दुसरा आला यान बुर्स्मा. तो नेदरलंड्स अँटिलीज या कॅरिबियन समुद्रांतील चिमुकल्या बेटांचा. त्या बेटांच्या संघाला साऱ्या ऑलिंपिक इतिहासांत मिळालेलें तें एकमेव पदक होय. १९९२ सालीं बार्सिलोना येथें ३९० सेंटिमीटर लांबीची लेखनर फळी आली व स्त्रियांची स्पर्धा प्रथमच सुरू झाली. तींत ब्रूसची बहीण बार्बारा केंडल हिनें सुवर्णपदक जिंकलें. पुढें १९९६ सालीं तिनें रौप्य व २००० सालीं कांस्यपदक मिळविलें, आणि तीं मिस्ट्रल या दुसऱ्याच फळीवर. साधन बदललें तरी कसब टिकतें, हें तिनें दाखविलें. पण असें सर्वांना साधलें नाहीं. फळी बदलली म्हणजे अनेकांची वर्षांनुवर्षांची मेहनत जुन्या फळीबरोबरच अडगळींत जाते.

१९९६, २००० व २००४ या तीन ऑलिंपिकांत मिस्ट्रल ही एकच फळी राहिली. ती ३७२ सेंटिमीटर लांब आणि शीड ७.४ चौरस मीटर. स्पर्धेचीं साधनें संयोजकच पुरवीत; कोणीं आपल्या घरची तरबेज फळी आणावयाची नाहीं. आठ वर्षांच्या या स्थैर्यांत एकनमुना पद्धतीचीं सर्वांत गोड फळें हातीं आलीं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या नौकाशर्यती सव्हाना येथें झाल्या. तेथें स्त्रियांमध्यें हाँगकाँगची ली लाय-शान पहिली आली. ती च्युंग चाउ या कोळ्यांच्या बेटावर वाढलेली. तिचे मामा तेथें शिडाच्या फळ्या शिकविण्याचें केंद्र चालवीत. हाँगकाँगला ऑलिंपिकांत मिळालेलें तें पहिलें पदक, आणि तेंहि सुवर्णाचें. पुढल्याच वर्षीं, १९९७ सालीं, ब्रिटिश सत्ता तेथून गेली. आपल्या गांवचे खेळाडू टाकाऊ नाहींत, हें सिद्ध झालें, अशा आशयाचे उद्गार तिनें तेव्हां काढले. हाँगकाँगचे लोक ते अजून विसरलेले नाहींत.

त्याच वर्षीं पुरुषांमध्यें ग्रीसचा निकोस काक्लामानाकिस पहिला, तर इस्रायलचा गाल फ्रीडमन तिसरा आला. आठ वर्षांनीं, २००४ सालीं, ऑलिंपिक अथेन्सला भरलें, तेव्हां उद्घाटनाची ज्योत पेटविण्याचा मान काक्लामानाकिसला मिळाला. घरच्या समुद्रांत, घरच्या लोकांसमोर तो शर्यतींत उतरला. पण सुवर्ण फ्रीडमनला गेलें व त्याला रौप्यावर समाधान मानावें लागलें. इस्रायलचें तें पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक. अँटिलीज, हाँगकाँग, इस्रायल, न्यूझीलंड या नांवांचा एकत्र विचार केला म्हणजे एकनमुना फळीनें काय केलें, तें कळतें. ज्या देशांच्या हातीं मोठ्या नौकांचे कारखाने नव्हते, त्यांच्या मुलामुलींना जगांतील बलाढ्य देशांच्या बरोबरीनें एका रेषेवर उभें राहतां आलें. अंगण सरळ केलें, तेव्हां नाचणारे कोठकोठून निघाले!

तथापि याच काळांत दुसराहि एक प्रवाह सुरू झाला होता. वारा मंद असला कीं नाविक शीड लयीनें पुन्हापुन्हां अंगाकडे ओढतो व त्या हेलकाव्यांनीं फळीला गति देतो. पक्षी पंख मारतो तसाच हा प्रकार. इतर नौकांच्या शर्यतींत असें करण्यास बंदी आहे. फळ्यांच्या शर्यतींत मात्र तें मोकळें झालें. परिणाम असा कीं, वारा ओळखण्याचा हा खेळ छातीचा व फुप्फुसांचाहि झाला. नाविक व्यायामशाळेंत जाऊं लागले, वल्हेकऱ्यांसारखी मेहनत करूं लागले, आणि शरीर हलकें राहावें म्हणून आहार मोजूं लागले. साधन सर्वांना सारखें. म्हणून जिंकण्यासाठीं बदलावयाचें तें शरीरच उरलें. फळी मनुष्याच्या मापाची करण्याऐवजीं मनुष्य फळीच्या मापाचा होऊं लागला.

२००८ सालीं चीनमधील छिंगदाओ येथें 'आरएस-एक्स' ही नवी फळी आली. ही २८६ सेंटिमीटर लांब, पण ९३ सेंटिमीटर रुंद. शीड पुरुषांना ९.५ व स्त्रियांना ८.५ चौरस मीटरचें. एवढें शीड पेलावयास अधिक ताकद हवी. मिस्ट्रलवर शोभणारे कित्येक हलके नाविक येथें अपुरे पडले. इटलीची अलेसांद्रा सेन्सिनी मात्र याहि फळीवर रौप्यपदकापर्यंत पोंचली. १९९६ चें कांस्य, २००० चें सुवर्ण, २००४ चें कांस्य आणि २००८ चें रौप्य, अशीं चार पदकें तिच्या नांवावर आहेत.

यानंतर या खेळावर मोठें संकट आलें, आणि तें समुद्रावरून नव्हे, तर सभागृहांतून. मे १९१२ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरची, मे २०१२ मधील ही गोष्ट. इटलींतील स्त्रेसा येथें आंतरराष्ट्रीय नौकाशर्यत संघटनेच्या मंडळाची सभा भरली. पतंगाच्या जोरावर फळी ओढण्याचा, म्हणजे काइटबोर्डिंगचा, नवा खेळ २०१६ च्या ऑलिंपिकांत घ्यावा व त्याच्यासाठीं शिडाच्या फळीला काढून टाकावें, असा ठराव १९ विरुद्ध १७ मतांनीं संमत झाला. दोन मतांच्या फरकानें जगभरच्या मुलामुलींच्या वाटेवरचा दिवा मालवला. स्पेनच्या संघटनेनें तर आपल्या प्रतिनिधीचें मत चुकीनें दिलें गेलें, असें नंतर सांगितलें. तीन महिन्यांनीं लंडन ऑलिंपिकच्या शर्यती वेमथ येथें झाल्या, त्या या खेळाच्या शेवटच्या शर्यती समजूनच. आणि स्त्रियांमध्यें सुवर्णपदक कोणीं जिंकावें? स्पेनच्याच मारिना आलाबाउ हिनें. पुरुषांमध्यें हॉलंडचा डोरियन व्हॅन रेसेलबर्गे पहिला आला. विजयस्तंभावर उभें राहून आपल्या खेळाचा अंत्यविधि पाहण्याचा तो प्रसंग होता.

पण सभासदांनीं हार मानली नाहीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरमध्यें संघटनेची सर्वसाधारण सभा भरली आणि तींत मेचा ठराव फिरविण्यांत येऊन शिडाच्या फळीला तिची जागा परत मिळाली. ही सभा कोठें भरली होती? आयर्लंडांतील डन लेअरी येथें. सव्वाशें वर्षांपूर्वीं ज्या किनाऱ्यावर 'होडी सर्वांची सारखी असावी' ही कल्पना जन्मली, तेथेंच त्या कल्पनेच्या या धाकट्या अपत्याला जीवदान मिळालें. योगायोगाहून अधिक त्यांत कांहीं नाहीं; परंतु इतिहासांत असे योगायोग मनाला विचार करावयास लावतात. २०१६ सालीं रिओ येथें व्हॅन रेसेलबर्गे यानें आपलें सुवर्णपदक राखलें, आणि त्याच्या मागें दोन्ही वेळां ब्रिटनचा निक डेम्प्सी रौप्यपदकाचा मानकरी ठरला.

आरएस-एक्स फळीचा निरोप २०२१ सालीं झालेल्या टोकियो ऑलिंपिकांत झाला. त्यापूर्वींच, २०१९ सालीं, इटलींतील गार्डा सरोवरावर अनेक फळ्यांची चांचणी घेऊन 'आयक्यू-फॉइल' या फळीची निवड झाली होती. ही जेमतेम २२० सेंटिमीटर लांब. पण हिच्या तळाला एक लांब दांडा व त्याच्या टोंकाला पाण्यांत बुडालेले पंख असतात. वेग आला कीं हे पंख फळीला पाण्याबाहेर उचलतात व नाविक जणूं हवेंतून जातो. खेळ अतिशय वेगवान व प्रेक्षणीय झाला. पण पुन्हा शरीराचें माप बदललें. आतां वजनदार, धिप्पाड नाविकाची चलती झाली; आणि ज्यांनीं हलकें राहण्यासाठीं वर्षें घालविलीं, त्यांना वजन वाढविण्यासाठीं जेवावें लागलें.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या शर्यती मार्सेय येथें झाल्या. तेथें दुसराच धडा मिळाला. ब्रिटनची एमा विल्सन ही प्राथमिक शर्यतींत सर्वांच्या फार पुढें होती. तिची आईहि १९९२ व १९९६ च्या ऑलिंपिकांत याच खेळांत उतरली होती. परंतु नियम असा कीं, आधींच्या शर्यतींची आघाडी अंतिम शर्यतींत जमेस धरावयाची नाहीं. तिघींची एकच शर्यत व्हावयाची. त्या एका शर्यतींत इटलीची मार्ता माजेत्ती पहिली, इस्रायलची शेरॉन कॅन्टर दुसरी आणि विल्सन तिसरी आली. फळी तिघींची सारखी, वारा सारखा, नियमहि सर्वांना आधींपासून ठाऊक. तरी आठवडाभराचें श्रेष्ठत्व कांहीं मिनिटांत पुसलें गेलें, ही खंत तिनें बोलून दाखविली. साधनें समान केलीं म्हणजे न्याय पुरा झाला, असें होत नाहीं. मोजण्याची रीतहि न्याय्य असावी लागते.

आणि टाकून दिलेल्या फळीचें काय झालें? तिची एक गोष्ट भारताशीं निगडित आहे. २०२२ चे आशियाई सामने २०२३ सालीं चीनमधील हांगचौ येथें झाले. त्यांत आरएस-एक्सची शर्यत अजून होती, आणि पुरुषांच्या त्या शर्यतींत भारताच्या ईबाद अली यानें कांस्यपदक मिळविलें. ऑलिंपिकनें निरोप दिलेल्या फळीनें भारताला पदक दिलें. नव्या साधनाची निवड करणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. फळी बदलण्याचा ठराव एका बैठकींत होतो. पण ती फळी विकत घेऊन, शिकून, शिकवून नवी पिढी तयार करावयास प्रत्येक देशाला वर्षें लागतात, आणि ज्याची थैली लहान त्याला तीं अधिक लागतात. एकनमुना पद्धति श्रीमंतीचा फायदा घालविण्यासाठीं निघाली. नमुनाच वारंवार बदलूं लागला, तर तो फायदा मागल्या दारानें परत येतो.

मूळच्या विंडसर्फरचेंहि अलीकडे पुनरुज्जीवन झालें आहे. थोडी हलकी, थोडी सुधारलेली अशी ती फळी आज अनेक देशांच्या किनाऱ्यांवर पुन्हा धांवते, आणि तिच्या शर्यतींत वजनाचे गट आहेत. पन्नास वर्षांपूर्वीं त्या पहिल्या मंडळींना जें उमगलें होतें, तेंच खरें शहाणपण होतें. साधन सर्वांना सारखें द्यावें, ही न्यायाची पहिली पायरी. तें साधन पेलणारीं माणसें सारखीं नसतात, हें मान्य करणें ही दुसरी. पहिल्या पायरीशिवाय दुसरी चढतां येत नाहीं. पण पहिल्याच पायरीवर बसून राहणाऱ्याला घर गांठल्याचें समाधान मानतां येणार नाहीं. वारा कोणाचाहि पक्षपाती नाहीं. पक्षपात टाळावयाचा, तो माणसांनीं केलेल्या फळींत व माणसांनीं केलेल्या नियमांत.